तेराचा पाना



‘आपल्या व्यवसायाविषयी वरच्या वर्गातल्या मुलांना उपयोगी पडेल असे काही लिहा,’ असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आधी मी टाळाटाळच केली. शाळेच्या वार्तापत्रात डॉक्टर लिहितात, बँकेतले अधिकारी लिहितात, अमेरिकेला गेलेले इंजिनीअर लिहितात. गाड्या दुरुस्त करणाऱ्याने काय लिहावे? पण गेल्या वर्षभरात आपल्याच शाळेतली चार मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे येऊन साधारण तेच तेच प्रश्न विचारून गेले. तेव्हा एकदाच सगळ्यांना मिळून उत्तर दिलेले बरे.

मी या शाळेतून १९९२ साली दहावी झालो. आज बडोद्यात मकरपुऱ्याकडे माझे गॅरेज आहे आणि त्यात फक्त युरोपियन गाड्यांचे काम होते. म्हणजे स्कोडा आणि फोक्सवॅगन जास्त, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी त्याहून कमी, आणि एखाद्या हौशी माणसाने जपून ठेवलेली जुनी ओपेल किंवा फियाट अधूनमधून. या गाड्यांचे आणि आपल्या बडोद्याचे नाते तसे लांबचे नाही. जनरल मोटर्स आणि हिंदुस्तान मोटर्स यांनी मिळून आपल्या शेजारच्या हालोलला १९९६ मध्ये ओपेल अ‍ॅस्ट्रा तयार करायला सुरुवात केली. जर्मन बनावटीची गाडी, आणि बनते कुठे, तर पावागडाच्या पायथ्याशी! तो कारखाना जनरल मोटर्सने २०१७ मध्ये बंद केला आणि आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात. पण माझ्या पिढीतल्या इथल्या पुष्कळ मेकॅनिकांचा युरोपियन गाडीशी पहिला परिचय अ‍ॅस्ट्रानेच झाला. पुढे २००१ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, आणि या गाड्या श्रीमंतांच्या बंगल्यातून निघून आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आल्या.

आता मूळ प्रश्न. मुले येतात आणि पहिले विचारतात, ‘काका, कुठली पेटी घेऊ?’

माझ्या वर्गातल्या एका मित्राचा मुलगा असाच आला होता. बारावी झालेला, अठरा पूर्ण. मोबाईलवर युरोपातल्या मेकॅनिकांचे व्हिडिओ पाहून त्याने यादीच करून आणली होती. दोनशे नगांची पेटी, वर एक स्कॅनर, वर एक बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट. सोबत त्याचा बाप. मुलगा हात धुवायला गेला तसा मित्र हळूच मला म्हणाला, ‘अरे, तूच सांग ना त्याला काहीतरी. हे भलतंच खूळ घेतलंय डोक्यात. तुझं ऐकेल तो.’ मी त्याला म्हटले, ‘तू चहा घे. मी त्याला सांगतो, पण तुला हवं तेच सांगेन असं नाही.’

त्या मुलाला मी माझी स्वतःची पेटी उघडून दाखवली. कोणता मेकॅनिक कुठल्या गाड्यांवर काम करतो हे त्याच्या पान्यांवरून ओळखता येते. मारुतीचे काम करणाऱ्याच्या पेटीत दहा, बारा, चौदा आणि सतराचे पाने झिजून चकचकीत झालेले असतात, कारण जपानी पद्धतीच्या गाडीत बहुतेक बोल्ट त्याच मापांचे. माझ्या पेटीत बारा आणि चौदा जवळजवळ नवे आहेत. झिजला आहे तो तेराचा पाना. त्यानंतर दहा, सोळा आणि अठरा. पंधरा आणि एकवीस अधूनमधून लागतात. बाजारातल्या भरगच्च पेटीत निम्मे नग असे असतात की ते वर्षभर हलत नाहीत, आणि जे लागतात ते नेमके नसतात किंवा हलक्या पोलादाचे असतात.

त्यापुढची गोष्ट बोल्टच्या डोक्याची. आपल्याला सहा कोनांचे डोके माहीत आहे आणि आतून सहा कोनांचा खड्डा असलेला एलन बोल्टही माहीत आहे. युरोपियन गाडीत यांच्या जोडीला आणखी तीन प्रकार हवेतच. एक टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखा खड्डा. दुसरा त्याच्या उलट, चांदणी बाहेरच्या अंगाला असते, त्याला ई-टॉर्क्स म्हणतात आणि त्याची सॉकेट वेगळी. तिसरा बारा टोकांचा खड्डा, त्याला एक्सझेडएन किंवा स्प्लाइन म्हणतात. तीन चौकोन एकमेकांवर फिरवून ठेवले तर जशी बारा टोके होतील, तसा तो दिसतो.

घोटाळा इथेच होतो. अंधारात, चिखल भरलेला एक्सझेडएनचा खड्डा टॉर्क्ससारखा दिसतो आणि टॉर्क्सचा बिट त्यात बसल्यासारखाही वाटतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट गिअरबॉक्सच्या बाजूला अशाच बोल्टांनी धरलेला असतो. माझ्याकडे एक रॅपिड आली होती. दुसऱ्या कुठल्याशा गॅरेजात कुणीतरी टॉर्क्स घालून जोर लावला होता आणि सहापैकी चार बोल्टांची डोकी गोल केली होती. मूळ काम अर्ध्या तासाचे. ते चार बोल्ट काढायला आमचा पूर्ण दिवस गेला. खरे म्हणजे त्यासाठी फक्त एवढे करायचे असते की सुईसारख्या टोकदार सळीने खड्डा साफ करायचा, योग्य मापाचा बिट घ्यायचा, हातोडीने हलकेच ठोकून तळाशी बसवायचा आणि मगच फिरवायचा. दोन मिनिटे.

यासाठी त्या मुलाला मी सांगितले की दोनशे नगांची पेटी घेऊ नकोस. अर्ध्या इंचाचा आणि पाव इंचाचा असे दोन चांगले रॅचेट घे. आठ ते एकवीसपर्यंत सहा कोनी सॉकेट घे. टॉर्क्स, ई-टॉर्क्स, एक्सझेडएन आणि एलन यांचे बिट मात्र चांगल्या पोलादाचे घे, इथे पैसे वाचवू नकोस. पक्कड आणि डिसमिस (स्क्रू ड्रायव्हरला आपल्या बडोद्यात हाच शब्द, पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये) नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाचे घेतलेस तरी वर्षानुवर्षे चालतील. कूलंटच्या पाइपांवर स्प्रिंगच्या क्लिपा असतात, त्यांची वेगळी पक्कड मिळते. ती नसली की मुले साध्या पकडीने झटापट करतात आणि बोटे सोलून घेतात. दाराचे आणि डॅशबोर्डचे प्लॅस्टिक उचकटायला प्लॅस्टिकच्याच पट्ट्या घे, लोखंडी डिसमिस घालू नकोस. एक टॉर्च, एक आरसा, एक लोहचुंबकाची कांडी. एक बरा मल्टीमीटर. बाकीचे काम शिकवेल तसे घ्यायचे. मी स्वतः पगाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त कधीही हत्यारांवर खर्च केला नाही, आणि जे हत्यार तीनदा दुसऱ्याकडून मागावे लागले तेच विकत घेतले.

एक गोष्ट मात्र पहिल्या सहा महिन्यांत घ्यावी, ती म्हणजे टॉर्क रेंच. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण मला वाटते युरोपियन गाडीचे अर्धे शिक्षण त्यात आहे.

विज्ञानाच्या बाईंनी शिकवले आहे की बल गुणिले अंतर म्हणजे फिरवण्याचा जोर. त्याचे एकक न्यूटन-मीटर. स्कोडा-फोक्सवॅगनच्या चाकाचा बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. (या गाड्यांत चाकाला नट नसतात, बोल्ट सरळ हबमध्ये जातात. त्यामुळे चाक लावताना ते टांगून ठेवायला हबवर काही नसते, म्हणून एक गाइड पिन जवळ ठेवावी.) पाना ४० सेंटिमीटर लांब असेल आणि हात टोकाशी असेल तर ३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३० किलो वजनाइतका जोर पुरतो. आता टायरच्या दुकानातला ६० किलोचा मुलगा त्याच पान्यावर पाय देऊन उभा राहतो तेव्हा किती होते, तुम्हीच काढा. जवळजवळ दुप्पट. बोल्ट ताणला जातो, आणि पुढे अहमदाबादच्या रस्त्यावर रात्री पंक्चर झाले की गाडीतल्या छोट्या पान्याने तो बोल्ट हलत नाही. मग गाडीत बसलेली आई, लहान मूल आणि महामार्गावरचे ट्रक. हा सगळा प्रसंग एका पोराच्या पायाने तयार केलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

इंजिनात तर याहून पुढची पायरी आहे. तिथे अनेक बोल्ट आधी ठरावीक न्यूटन-मीटरवर आणि मग ९० अंशांत, कधी पुन्हा ९० अंशांत फिरवायचे असतात. असा बोल्ट मुद्दाम ताणला जावा म्हणूनच घडवलेला असतो. तो एकदा ताणला गेला की त्याचे काम संपले, पुन्हा वापरायचा नसतो. बीएमडब्ल्यूच्या एन-५२ या इंजिनाच्या आवरणात मॅग्नेशियम आहे आणि म्हणून त्याचे पुष्कळ बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. तेही एकदाच वापरायचे. ‘बोल्ट चांगला दिसतोय, टाकून कशाला द्यायचा?’ हा आपल्या घरचा संस्कार इथे उपयोगी नाही. ग्राहकाला नवे बोल्ट का लागतात हे समजावून सांगावे लागते आणि ते सांगणे हाही कामाचाच भाग.

टॉर्क रेंचने बोल्ट सैल करू नये, त्यासाठी लांब दांडा वेगळा. काम झाले की त्याची स्प्रिंग मापाच्या सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावी. आणि वर्षातून एकदा, किंवा पाच हजार वेळा वापरला की, तो तपासून घ्यावा. माझ्या गॅरेजात नवा मुलगा आला की पहिला महिना त्याच्याकडे चाकेच असतात. आवळ, मोज, सैल कर, पुन्हा आवळ. महिन्याने मी त्याला रेंचशिवाय, हाताच्या अंदाजाने आवळायला सांगतो आणि मग मोजतो. हाताला अंदाज येतो, पण तो मोजून मोजूनच येतो. ‘मला हातानं कळतं’ असे पहिल्या दिवसापासून म्हणणाऱ्याला मी ठेवत नाही.

स्कॅनरचे काय? स्कॅनर लागतोच, पण पहिल्या वर्षी नाही. सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचे साधे यंत्र इंजिनाचे कोड वाचते. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स यांच्यापर्यंत पोहोचायला त्या त्या कंपनीची भाषा बोलणारे लागते. फोक्सवॅगन समूहासाठी व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री. काही कामे त्यांच्यावाचून होतच नाहीत. मागच्या चाकाचा हँडब्रेक विजेवर चालत असेल तर पॅड बदलण्यापूर्वी स्कॅनरने त्याची मोटर मागे घ्यावी लागते, क्लॅम्प लावून दाबली तर यंत्रणा मोडते. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत बॅटरी नवी घातली तर ती नवी आहे हेही गाडीला कळवावे लागते. पण स्कॅनर बिघाड सांगत नाही, तो लक्षण सांगतो. पी ०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. एक ऑक्टाव्हिया हा कोड घेऊन आली. मालकाने आधी दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर बदलून घेतला होता आणि त्याचे चांगले पैसेही भरले होते. आम्ही रबरी नळीचे एक टोक कानाला लावले, दुसरे टोक चालू इंजिनाच्या पाइपांजवळून फिरवले, आणि मागच्या बाजूला एका वाकलेल्या पाइपाशी ‘सुस्स’ आवाज आला. चिरलेला पाइप हवा आत ओढत होता. नळीची किंमत म्हणाल तर टपरीवरच्या दोन चहांइतकी.

यानंतर मी त्या मुलाला एक कागद वाचायला दिला. स्कोडाच्या वायरिंगचा नकाशा होता. तो गोंधळला, आणि साहजिक आहे. या नकाशांत जर्मन पद्धतीचे आकडे असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा प्लस. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा. ३१ म्हणजे अर्थ. ५० स्टार्टरकडे जाणारा. ८७ म्हणजे रिलेतून बाहेर पडणारा. आपल्याकडे हॉर्नसाठी जो साधा रिले मिळतो तो उलटा करून पाहा, त्याच्या पायांवर हेच आकडे कोरलेले दिसतील. जर्मन गाडीत तपकिरी वायर बहुधा अर्थची असते. एवढे पाठ केले तरी समोरचा नकाशा बोलू लागतो.

वाचण्याविषयी मी इतके का म्हणतो ते सांगतो. माझे वडील छापखान्यात प्रूफरीडर होते. मी आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड घेतला तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. पुढे मी ज्या वर्कशॉपात लागलो तिथे अ‍ॅस्ट्राची इंग्रजी पुस्तके होती आणि ती कपाटात कुलूपबंद असत. हत्यार हरवले तर पगारातून पैसे कापत, पण पुस्तक मागितले तर ‘तुला काय करायचंय?’ म्हणत. एका भल्या फोरमननी मला काही पाने घरी न्यायला दिली. रात्री वडील ती पाने समोर घेऊन शब्दकोश काढून बसले आणि दोनशे पानी वहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात शब्दांचे अर्थ लिहून दिले. त्यातली एक ओळ मला अजून आठवते: ‘प्ले म्हणजे येथे खेळ नव्हे, ढिलाई.’ ती वही गॅरेजात माझ्या टेबलाच्या खणात आहे. काळ्या बोटांचे ठसे पडून पुष्कळशी वाचता येत नाही.

आता पुस्तके कुलपात राहिलेली नाहीत. युरोपात कायद्याने कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही द्यावी लागते आणि फोक्सवॅगन समूहाची माहिती तासांच्या हिशेबाने पैसे भरून इंटरनेटवर मिळते. आपल्याकडेही सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. माहिती आहे, वाचणारा हवा. साधे तेलाचे उदाहरण घ्या. स्कोडा लॉराच्या १.९ डिझेल इंजिनाला ५०५.०१ हा आकडा असलेलेच तेल लागते, कारण त्यात डिझेलचा दाब कॅमशाफ्टच्याच जोरावर तयार होतो आणि कॅमवर फार भार पडतो. डब्यावर ‘डिझेलसाठी उत्तम’ लिहिलेले दुसरे तेल घातले तरी गाडी चालते, तक्रार येत नाही. हळूहळू कॅमची टेकाडे झिजतात. डब्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचणारा आणि न वाचणारा यांच्यात इतका फरक पडतो.

म्हणून ‘पोरगा अभ्यासात यथातथा आहे, गॅरेजात घालू’ असे जे पालक म्हणतात त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की हा धंदा तसा राहिलेला नाही. आणि ‘पोरगा हुशार आहे, गॅरेजात कशाला?’ असे म्हणणाऱ्यांना सांगणे आहे की तसाच मुलगा मला हवा आहे. मुलगीही हवी आहे. माझ्याकडे वायरिंगच्या कामाला एक मुलगी आहे, डिप्लोमा झालेली. तिला मल्टीमीटर हातात घेऊन विचार करत बसलेली पाहून ग्राहक आधी बिचकतात, मग पुढच्या वेळी तिलाच विचारत येतात. आपण बडोद्याची माणसे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. आपल्यापैकी किती घरांत कलाभवनात शिकलेले आजोबा-पणजोबा होऊन गेले असतील! त्यांच्या नातवंडांना हात काळे करायची लाज वाटावी हे मला समजत नाही.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात सांगतो. दहावीनंतर आय.टी.आय. किंवा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा. डिप्लोमा वा डिग्रीनंतर पुढे जायचे तर मर्सिडीजच्या सहकार्याने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात २००२ मध्ये ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम सुरू झाला, अशासारखे पर्याय पाहावेत. जर्मनीला जायचे मुलांच्या मनात असते. तिथे मोटार मेकॅट्रॉनिकचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे आहे, जास्त कंपनीत आणि कमी शाळेत. त्या काळात कंपनीच दरमहा विद्यावेतन देते. आधी जर्मन भाषा चांगली यावी लागते. हे लिहितो कारण ‘जर्मनीत मेकॅनिकची जागा देतो’ म्हणून एका ओळखीच्या घरातून मध्यस्थाने लाखांत रक्कम घेतली. मुलगा इथेच आहे आणि पैसे तिकडे गेले. ज्या शिक्षणात कंपनी पगार देते त्याची जागा विकत घ्यायला कुणी सांगत असेल तर तिथेच उठावे. एक फरकही ध्यानात असू द्या. जर्मनीत हत्यारे बहुधा वर्कशॉपच देते, अमेरिकेत मेकॅनिकला स्वतःची पेटी लागते, आणि आपल्याकडे मोठ्या वर्कशॉपात मिळतात, लहान गॅरेजात मागून घ्यावी लागतात.

सुरक्षिततेबद्दल मी कुणाचे ऐकून घेत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली जायचे नाही, दोन्ही बाजूंना घोडी लावायचीच, पाच मिनिटांचे काम असले तरी. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीत नारिंगी वायर दिसली की हात मागे घ्यायचा. तिचे वेगळे प्रशिक्षण आहे, वेगळे हातमोजे आहेत आणि त्या वायरीतला दाब जीव घेऊ शकतो. हाताच्या अंगठ्या, मनगटातले कडे, गळ्यातली साखळी घरी ठेवून यायची. एकाने बॅटरीचे टर्मिनल सोडवताना मनगटातले कडे पान्याला आणि बॉडीला एकदमच टेकवले. कडे लाल झाले. डाग अजून आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. तो तीन महिने दर रविवारी आला. चाके काढली, चाके लावली. एका रविवारी वायरिंगच्या नकाशात त्याने पॉवर विंडोचा बिघाड आमच्या आधी शोधला, दारातल्या रबरी नळीत मोडलेली वायर. आय.टी.आय.चा फॉर्म त्याने भरून ठेवला आहे, पण बापाची सही अजून झालेली नाही. मित्र मला फोन करतो, क्रिकेटवर बोलतो, राजकारणावर बोलतो, आणि हा विषय निघाला की ‘बघू रे’ म्हणतो. मी जास्त ताणत नाही. त्याचा मुलगा, त्याची काळजी. हे वार्तापत्र त्याच्या घरी जाते, एवढे मला ठाऊक आहे.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक विनंती. आपल्या शाळेची कार्यानुभवाची खोली कित्येक वर्षे जुन्या बाकांनी भरलेली आहे. ती मोकळी करून दिली तर माझ्याकडे ओपेल अ‍ॅस्ट्राचे एक निकामी पेट्रोल इंजिन आहे, ते मी शाळेला देईन. तेल काढून, धुऊन, पेट्रोलचा थेंबही न ठेवता देईन. सोबत एक व्हाइस, पान्यांचा एक संच आणि एक टॉर्क रेंच. महिन्यातून दोन शनिवार मी स्वतः येईन, मुलांनी ते खोलावे आणि पुन्हा जोडावे. इंजिन शंभर किलोच्या वर आहे, तेव्हा खोली तळमजल्यावरचीच हवी आणि फरशी पक्की हवी. स्टँड मी बनवून आणतो. मुलांनी मात्र त्या दिवशी चपला नव्हे, बूट घालून यावे.